शाळेतलं पहिलं सत्र: लंगडीपासून सुरुवात कर

इंटर्नशिपमधलं तुझं पहिलं शाळेतलं सत्र पुढच्या आठवड्यात आहे. पोरं आठ ते बारा वर्षांची, काही घरी मराठी बोलणारी, काही कन्नड, आणि तासभर काय शिकवू असं तू विचारलंयस. बेळगाव-खानापूर भागात मी बरीच वर्षं लहान मुलांसोबत फिजिओथेरपी करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विद्यार्थी असताना मी खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत तक्ते घेऊन गेले होते. कणा, स्नायूंची नावं, बसायची पद्धत, सगळं वीस मिनिटं समजावलं. पोरं गप्प होती, मला वाटलं छान चाललंय. शेवटी एका मुलीला विचारलं, काय शिकलीस? "सरळ बसायचं, बाई," ती म्हणाली, आणि तेव्हाही ती पोक काढूनच बसली होती. तिचं काही चुकलं नव्हतं. शरीराला करून बघायला मी काही दिलंच नव्हतं. तेव्हापासून बोलणं पाच मिनिटं, बाकी सगळा वेळ खेळ.

लंगडी घे. एका पायावर असताना कंबर सरळ ठेवायचं काम मुख्यतः टेकलेल्या पायाच्या बाजूचा ग्लुटिअस मीडिअस, म्हणजे कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू, करतो. तो कमजोर असला की उचललेल्या पायाकडची कंबर खाली जाते. पोरांना हे सांगू नकोस. तू मागे उभी राहा आणि बघ. दोन्ही पायांवर खेळायला लाव, नाहीतर प्रत्येक जण आपल्या आवडत्या पायावरच उड्या मारतो.

मग बैठका. स्क्वॉट म्हटलंस तर तोंडाकडे बघत राहतील. बैठक म्हण, आपल्याकडे तालमीमुळे हा शब्द पोरांच्या तोंडी असतो. मोजणी एकदा एक-दोन-तीन, एकदा ओंदु-एरडु-मूरु. कन्नड बोलणारं पोर त्या क्षणी पुढे येतं, हे मी दरवेळी बघितलंय.

बैठकीत नजर टाचांवर ठेव. एका शाळेत एक मुलगा कायम कडेला बसायचा, गुरुजी म्हणायचे आळशी आहे. खाली बसताना त्याची उजवी टाच जमिनीवरून उठली, बोटं फरशीला घट्ट धरून बसली. डावी टाच मात्र पूर्ण टेकलेली. पोटरी आखडली होती, पळताना पाय दुखायचा आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं. असं दिसलं तर सगळ्यांसमोर एक शब्द काढायचा नाही. वहीत लिहून ठेव, आधी तुझ्या मॅडमना दाखव, मग शिक्षक आणि पालक. निदान करणं अजून तुझं काम नाही, पण दिसलेलं न सांगणं चूक आहे.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे मैदानात चिखलच असतो, तेव्हा व्हरांड्यात बसेल एवढाच खेळ ठरवून जा. दुखलं की थांबायचं, हे सुरुवातीलाच सांग आणि कुणी थांबलं तर त्याला शाबासकी दे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल हवी. तुझ्या एका तासाने ते भागणार नाही. म्हणून असंच काही शिकव जे तू गेल्यावर पोरं गल्लीत स्वतःहून खेळतील. त्या मुलाला मी भिंतीला हात टेकून पोटरी ताणायला शिकवली होती. पुढच्या महिन्यात गेले तर तो दोन लहान पोरांना भिंतीशी उभं करून तेच शिकवत होता.