दोन दिवसांत गुण देणारं चूर्ण

सांधे, गुडघे आणि त्यावरचा झाडपाला. या वेळी बहुतेक पत्रं याच विषयाची आहेत आणि गैरसमजही तेच आहेत. म्हणून ही उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न : यंत्रमागावर दिवसभर उभं राहून पाय सुजतात. निर्गुंडीचा पाला गरम करून बांधू का? (अक्कलकोट रोड)

उत्तर : कातडी फाटलेली नसेल तर बांधा. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर मात्र नको, भाजलेलं कळत नाही. सूज एकाच पायाला असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : सांधेदुखीच्या तेलावर ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असं छापलंय. दुकानदार म्हणतो, उंदरांवर चाचणी झालीय. मग शंका कशाला? (अशोक चौक)

उत्तर : चाचणी काय असते ते आधी बघा. उंदराच्या मागच्या पंजात कॅराजीनन टोचतात. हा समुद्री शेवाळातून काढलेला पदार्थ, त्याने पंजा सुजतो. तो खुणेपर्यंत द्रवात बुडवला की द्रव वर चढतो, त्यावरून तासातासाला सूज मोजतात. काही उंदरांना आधी वनस्पतीचा अर्क दिलेला असतो, काहींना डायक्लोफेनॅकसारखं सूज-वेदना कमी करणारं औषध, तर काहींना औषधाविना ठेवतात. १९६२ पासून ही पद्धत रूढ आहे आणि उपयोगाचीही आहे. पण ती सूज काही तासांची, तुमचा गुडघा वर्षानुवर्षं झिजलेला. उंदराला बहुधा अर्क पाजलेला असतो, तुम्ही तेल चोळता. शिवाय वनस्पती तरी तीच आहे का? रास्ना म्हणून उत्तरेत एक झाड विकतात, दक्षिणेत कुलिंजनाची मुळं. दुकानदाराला एवढंच विचारा : माणसांवर चाचणी झाली का, किती मात्रेत, किती आठवडे, आणि सीटीआरआयमध्ये, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, तिची नोंद आहे का? शल्लकीच्या, म्हणजे सालईच्या डिंकाच्या, अर्काच्या अशा चाचण्या झाल्या आहेत. त्या लहान आहेत, पण गुडघेदुखीत थोडा आराम दिसला. हा अर्कही हाडांच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

प्रश्न : रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू आहे. हळदीच्या कॅप्सूल घेऊ का? (होटगी)

उत्तर : नाही. रक्तस्रावाचा धोका वाढतो. आमटीतली हळद चालेल, कॅप्सूल हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही नको.

प्रश्न : आई विड्या वळते. बाजारात गाडीवर मिळालेल्या चूर्णाने दोन दिवसांत तिची बोटं मोकळी झाली. पाच महिने घेतेय. आता चेहरा गोल झालाय, भूक आणि साखर वाढलीय. चूर्ण बंद करू का? (कुंभारी)

उत्तर : ताई, परस्पर बंद करू नका. आजच आईला पुडीसकट सिव्हिलला न्या. ही लक्षणं वाचून स्टेरॉइडचीच दाट शंका येते. असल्या बिननावाच्या पुड्यांत प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडं किंवा डायक्लोफेनॅक कुटून मिसळल्याचं तपासण्यांत वारंवार सापडलं आहे. कुठलीही मुळी जुनाट सांधेदुखी दोन दिवसांत पळवत नाही. एवढ्या झटपट गुण आला, तिथेच सावध व्हायला हवं होतं.

‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ असं सांगून ही पुडी विकतात, याचा मला संताप येतो. आपल्या मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात. शरीराला रोज लागणारं स्टेरॉइड त्या बनवतात. तेच महिनोन्‌महिने बाहेरून मिळालं की त्या काम सोडतात. मग पुडी एकदम थांबवली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जिवावर बेततं. म्हणून डॉक्टर मात्रा पायरीपायरीने उतरवतात. विकणाऱ्याला याचं सोयरसुतक नसतं, तो पुढच्या बाजाराला निघून गेलेला असतो.

पुडीवर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच, घटक यांतलं काही आहे का? नसेल तर ती घरात दुसऱ्या कोणालाही देऊ नका. आणि फेकूनही देऊ नका, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना तोच पुरावा आहे. सुट्टी बघून नेऊ म्हणून थांबू नका.

प्रश्न : आजोबा सुजेवर एक रानपाला देत. त्याची तपासणी करता येईल का? (बार्शी)

उत्तर : येईल. फुलाफळांसकट फांदी कागदात दाबून वाळवा, कुठून आणि कोणत्या महिन्यात तोडली ते लिहा, आणि वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून ओळख पटवून घ्या. त्यानंतर फार्मसी महाविद्यालयाशी बोला. विषारीपणाची चाचणी आधी, गुणाची मागून, आणि तीही प्राण्यांविषयीच्या नैतिक समितीच्या परवानगीने. तोवर तो पाला कोणाला पोटात देऊ नका.