डायक्लोरोमिथेनच्या (CH₂Cl₂) लुईस संरचनेत दोन क्लोरीन समोरासमोर काढायचे की शेजारी-शेजारी?

कसेही काढले तरी चालते, कारण लुईस संरचना कोणता अणू कोणाशी जोडला आहे आणि इलेक्ट्रॉन कुठे आहेत एवढेच सांगते, रेणूचा आकार सांगत नाही. प्रत्यक्षात कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) कोपऱ्यांकडे वळलेले असतात आणि तिथे कोणतेही दोन कोपरे एकमेकांच्या शेजारीच येतात. सांगलीत बारावीच्या मुलांना शिकवताना मी कणकेच्या गोळ्यात काड्यापेटीच्या चार काड्या खोचतो, त्यांपैकी दोन गुल बाहेर ठेवून, म्हणजे ते क्लोरीन; गोळा हातात फिरवला की वहीतली दोन्ही चित्रे एकाच रेणूची आहेत हे लगेच पटते. खरी चूक होते ती मोजणीत. कार्बनचे ४, हायड्रोजनचे २ आणि क्लोरीनचे १४ असे एकूण २० संयुजा इलेक्ट्रॉन (सर्वांत बाहेरच्या कवचातले) होतात. चार बंधांत ८ गेल्यावर उरलेले १२ प्रत्येक क्लोरीनवर तीन-तीन एकाकी (बंधात भाग न घेणाऱ्या) जोड्या म्हणून दाखवायलाच हवेत, आणि नेमके हेच ठिपके राहून जातात. मात्र ‘कसेही काढा’ हे १,२-डायक्लोरोइथीनला लागू करू नका: तिथे एकेक क्लोरीन असलेल्या दोन कार्बनमधल्या द्विबंधाभोवती अणू सहज फिरू शकत नाहीत, म्हणून दोन्ही क्लोरीन एकाच बाजूला असलेले संयुग सुमारे ६० अंश सेल्सिअसला उकळते, तर विरुद्ध बाजूंना असलेले सुमारे ४८ अंशांना.