तहसीलदार आणि मामलेदार यांत फरक काय? हे शब्द कुठून आले?

महाराष्ट्रात आज पद एकच आहे. सरकारी नाव तहसीलदार. मामलेदार हे जुनं नाव, बोलण्यातून अजून गेलेलं नाही. माझे आजोबा शेवटपर्यंत 'मामलेदार कचेरी'च म्हणायचे. ठाण्यात तर त्या कचेरीजवळच्या मिसळीलाही मामलेदाराचंच नाव चिकटलं. लहानपणी मला वाटायचं, तिथे लोकांच्या भानगडी निस्तरतात, म्हणून मामले-दार!

तो अंदाज अगदीच फसलेला नव्हता. 'मामला' आला अरबी 'मुआमला'वरून. अर्थ व्यवहार, कारभार. आपले अंमल आणि अंमलदार हे शब्दही त्याच कुळातले. 'दार' फारसी, म्हणजे बाळगणारा. कारभार ज्याच्या हाती तो मामलतदार, आणि बोलीत त्याचा झाला मामलेदार. पेशवाईत वसुलीपासून तंट्यांपर्यंत बरंच काही त्याच्याकडे असे. १८१८ला पेशवाई गेली, इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने पद ठेवलं, पण डोक्यावर कलेक्टर आणून बसवला. नाव जुनं, रुबाब मात्र बराच उतरला.

'तहसील'सुद्धा अरबीच, पण त्यात थेट पैसा आहे: गोळा करणं, वसुली. हासील आणि महसूल याच धातूचे. ('वसूल' मात्र नाही, तो वेगळ्या धातूचा. कानाला सारखा लागतो म्हणून मीही बरीच वर्षं फसलो होतो.) म्हणजे एका नावात कारभार, दुसऱ्यात वसुली, आणि खुर्ची तीच.

मग दोन नावं का? कारण आजचा महाराष्ट्र तीन वेगवेगळ्या कारभारांतून जुळला. मुंबई इलाख्यात मामलतदार होता. विदर्भात मध्य प्रांताच्या आणि मराठवाड्यात निजामाच्या कारभारात तहसीलदार. म्हणूनच नागपूरकडचा माणूस तालुक्यालाच 'तहसील' म्हणतो, पुणेकर म्हणत नाही. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत सगळीकडे तहसीलदार आला. गुजरात आणि गोव्यात अजूनही मामलतदारच आहे.

आपल्याकडे जुनं नाव कायद्यात अजून टिकून आहे, आणि एका ठिकाणी शेतकऱ्याच्या ते चांगलंच कामाला येतं. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट शेजाऱ्याने अडवली, तर 'मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६' या कायद्याच्या कलम ५ खाली दाद मागता येते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो, तेवढं लक्षात ठेवा. दावा ऐकायला बसतो तहसीलदार. कागदाच्या माथ्यावर मामलतदार, खाली सही तहसीलदाराची.