तेजोमेघ फिरतो, मग चपटा का होत नाही?

प्रश्न : सर, थंडीत आम्ही मिठमुंबरीच्या किनाऱ्यावरून बायनॉक्युलरने मृगातला तेजोमेघ, म्हणजे गॅस-धुळीचा ढग, बघतो, बाणाच्या तीन ताऱ्यांच्या जरा खाली धुरकट ठिपका दिसतो तो. पुस्तकात लिहिलंय की तेजोमेघ फिरत फिरत आकसतो आणि त्याची चपटी तबकडी होते. मग हा असा वेडावाकडा का पसरलाय? आणि फिरतोय तर मधला गॅस बाहेर फेकला जायला पाहिजे ना, उलट मधेच दाट कसा?
– बारावी सायन्सची विद्यार्थिनी, देवगड

उत्तर : अगं, पुस्तकातलं वाक्य खरं आहे, फक्त ते ह्या अख्ख्या मेघाबद्दल नाहीये. तू बघतेस तो पसारा साधारण २४ प्रकाशवर्षांचा, आणि एवढ्या मोठ्या मेघात फिरण्याला कोणी विचारत नाही. त्याचा आकार ठरवलाय आतल्या तरुण, तापट ताऱ्यांनी, त्यातला एक तर इतका दांडगा की त्याच्या अतिनील प्रकाशाने आणि अंगातून सुटणाऱ्या कणांच्या वाऱ्याने आजूबाजूचा गॅस तापून, ढकलला जाऊन मधे पोकळीच झालीय. आणि दाट म्हणजे तरी किती, तर उजळ भागात एका घन सेंटिमीटरमध्ये काही हजार कण. आपल्या हवेत तेवढ्याच जागेत पंचवीसवर अठरा शून्यं इतके रेणू असतात!

फिरण्याची खरी गंमत अशा मेघांतल्या छोट्या, थंड, गडद गाठींमध्ये. एक गाठ प्रकाशवर्षाच्या काही दशांश भागाएवढी, एक फेरी मारायला लाखो वर्षं लावणारी, म्हणजे फिरतेय असं म्हणायलाही जीवावर येतं. पण ती आकसायला लागली की फुगडीत हात आखडून जवळ आल्यावर होतं तेच होतं, वेग वाढतो. आता जरा हिशोब बघ. त्रिज्या दहा पट कमी झाली की आत खेचणारं गुरुत्व शंभर पट वाढतं, पण फिरण्यामुळे बाहेर ढकलणारा जोर हजार पट वाढतो, म्हणजे सुरुवातीला नगण्य असलेलं फिरणं कधी ना कधी गुरुत्वाला गाठतंच आणि अक्षाकडे होणारं आडवं आकसणं अडतं. अक्षाला समांतर मात्र अडवायला कोणीच नाही, तिथला गॅस वरून-खालून सरळ मधल्या पातळीवर येऊन पडतो. झाली तबकडी. म्हणजे फिरण्यामुळे गॅस बाहेर फेकला जात नाही, त्याचं आत येणं फक्त आडव्या दिशेने अडतं.

मग मधे तारा कसा होतो? हाच प्रश्न फ्रेंच गणिती लाप्लासलाही नडला. १७९६ साली त्याने फिरत्या मेघातून सूर्यमाला झाली असं मांडलं, पण त्या हिशोबाने सूर्य गरागरा फिरायला हवा होता, प्रत्यक्षात तो विषुववृत्तावर एका फेरीला सुमारे २५ दिवस घेतो. सूर्यमालेचं ९९.८ टक्के वस्तुमान सूर्यात, पण फिरण्याचा साठा (कोनीय संवेग) बहुतेक ग्रहांकडे, एकट्या गुरूकडे निम्म्याहून जास्त. कारण गॅसला मधे पोचायचं तर अंगातलं फिरणं आधी दुसऱ्याला देऊन टाकावं लागतं. ते काम चुंबकीय क्षेत्र करतं, शिवाय अक्षाच्या दोन्ही टोकांनी सुटणारे गॅसचे झोत बरंचसं घेऊन जातात.

आणि तबकड्या तुझ्या त्याच धुरकट ठिपक्यात आहेत बरं का! हबल दुर्बिणीने १९९० च्या दशकात उजळ गॅसच्या पार्श्वभूमीवर त्यांच्या काळ्या आकृत्या टिपल्या. वृषभ राशीतल्या एका तरुण ताऱ्याभोवतीची तबकडी तर चिलीतल्या अल्मा दुर्बिणीने २०१४ मध्ये कड्यांसकट दाखवली.

प्रश्न : मग फुलपाखरासारखे दोन पंखांचे तेजोमेघ असतात तेही फिरल्यामुळेच का?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : ते वेगळं प्रकरण. तो म्हाताऱ्या ताऱ्याने टाकलेला गॅस, आणि एकट्या ताऱ्याचं फिरणं पंख काढायला सहसा पुरत नाही. बऱ्याच ठिकाणी जोडीदार तारा असतो, त्याच्या घिरट्यांमुळे कंबरेशी गॅसचा जाड पट्टा होतो आणि बाकीचा गॅस मोकळ्या दोन बाजूंनी सुटतो. अभिजित ताऱ्याजवळचा कंकण तेजोमेघही असाच म्हाताऱ्या ताऱ्याने टाकलेला गॅस. छोटी दुर्बीण असेल तर पाऊस संपल्यावर बघा, बायनॉक्युलरमध्ये कडं दिसणार नाही. आणि समोर लाइट लावून मासेमारी करणाऱ्या बोटी असतील तर त्या रात्री नादच सोडा.