काकांना गडावर घेऊन जा

प्रिय मुली,

तुमचा मित्र गेला, आणि आता त्याच्या बाबांनी 'रविवारी सिंहगडाला जाता ना, मीही येऊ का?' असं विचारलं आणि तुमच्या ग्रुपवर कोणालाच काय लिहावं कळेना. साहजिक आहे. पण दोन दिवस विचार करत बसू नका. आजच 'या काका' म्हणून कळवा.

त्यांना सावरायचं कसं, या काळजीत तुम्ही आहात. ते त्यांनी मागितलेलंच नाही. कॉलेजात गेलेलं पोरगं घरी जेवायला-झोपायला असतं, बाकीचं तुमच्याबरोबर. चढताना तो कुठे टेकायचा, कोणाचे पैसे बुडवायचा, क्लासचं नाव सांगून कुठे उनाडायचा, हे त्या बापाला कुठून ठाऊक असणार? मुलाबद्दल काही नवीन कळायचं, तर आता ते तुमच्याकडूनच. म्हणून त्याचं नाव टाळू नका. नाव काढलं की त्यांना आठवण येईल म्हणतेस. अगं, ते विसरलेत कधी? (त्याच्या सगळ्याच भानगडी पहिल्याच दिवशी सांगू नका म्हणजे झालं.)

गेलेल्यातून मन काढून घेतल्याशिवाय माणूस सावरत नाही, असं मानसशास्त्रातही बराच काळ मानत. मुलं गमावलेल्या आईवडिलांच्या गटांबरोबर डेनिस क्लास या अमेरिकी अभ्यासकांनी अनेक वर्षं काम केलं, तेव्हा त्यांना वेगळंच दिसलं. आईबाप ते नातं सोडत नाहीत, आणि मुलाला ओळखणाऱ्यांशी बोलत राहिल्याने ते त्यांच्या जगण्यात नीट बसतं. क्लास, फिलिस सिल्वरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी ही मांडणी १९९६ मध्ये पुढे आणली.

काकांचे गुडघे चालत असतील तर आतकरवाडीच्या वाटेनेच जा, गाडीने वर नेऊ नका. घरी हार घातलेल्या फोटोसमोर चहाचा कप धरून बसण्यापेक्षा चढणीवर बोलणं सोपं जातं. एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि दम लागला म्हणून गप्पही राहता येतं. वर पिठलं-भाकरीचे पैसे ते देतील. देऊ द्या.

'आम्ही तुमचीच मुलं' हे मात्र कोणी बोलू नका. त्यांचा मुलगा तो होता. दर रविवारचं वचनही नको. उद्या कोणी बंगळुरूला जाईल, कोणाला बाळ होईल. दोन महिन्यांतून एकदा जमणार असेल तर तेवढंच सांगा आणि पाळा. तुमच्यातल्या कोणाचं लग्न ठरलं तर त्यांना स्टेटसवरून कळू नये. ऐकून चेहरा उतरेलही, पण आपल्याला वगळलं हे त्याहून जास्त लागतं.

काकूंना विचारा, आग्रह करू नका. त्यांना कदाचित तुम्ही डोळ्यांसमोरही नको असाल. तो राग तुमच्यावरचा नसतो.

काकांचं जेवणखाण सुटलं, 'आता जगून काय करू' अशी भाषा आली, तर ते तुमच्यातच ठेवू नका. लगेच घरातल्या मोठ्यांना सांगा. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं. तुलाही गरज वाटली तर तोच नंबर लाव. मित्र तुझाही गेलाय.

रविवारी उजाडायच्या आत निघा, नाहीतर पायथ्याला गाडी लावायला जागा मिळत नाही. पाऊस असेल तर वाट निसरडी होते. काकांना चांगले बूट घालायला सांग.

तुझे,
सर