चन्यातल्या काळ्या डोक्याच्या पाखराला हाकलू नका

हिंगणा, कुही अन् उमरेडकडून बऱ्याच शेतकरी भावांनी विचारलं की चन्यात, तुरीत एक चिमणीपेक्षाही लहान पाखरू शेंड्यावर बसून राहते, डोकं काळपट, छाती नारिंगी, मानेजवळ पांढरा ठिपका, ते घाटे फोडते का, हाकलायचं का.

अजिबात हाकलू नका. तो गप्पीदास आहे, मादी भुरकट असते म्हणून ती काहींना वेगळीच वाटते. हिवाळ्यात हिमालय, सायबेरियाकडून येतो अन् मार्चपर्यंत परततो, म्हणजे ऐन चन्याच्या सीझनमधेच आपल्याकडे असतो. त्याची चोच नीट बघा, बारीक अन् टोकदार, दाणा फोडायची चोचच नाही ती. शेपटी झटकत बसतो, खाली किडा हलला की टपकन उतरतो, उचलतो अन् परत त्याच काडीवर. अळ्या, भुंगेरे, माश्या, मुंग्या हेच त्याचं मुख्य खाणं.

आता दुसरा प्रश्न, पाखरं आहेत तर फवारणी सोडून द्यायची का? नाही भाऊ, घाटेअळी वाढली तर एवढ्याशा पाखराच्या भरवशावर राहू नका. हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारे) लावा, फुलं यायला लागली की 5 टक्के निंबोळी अर्क मारा, अन् मीटरभर ओळीत 1-2 अळ्या किंवा 5 टक्के घाटे किडलेले दिसले तरच पुढचं औषध. शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपणही मारायचं हे मात्र बंद करा, त्यात पाखरांचं खाणंही जाते अन् मित्रकीडही मरते.

त्याला बसायला उंच जागा लागते अन् चना तर बुटका, म्हणून इंग्रजी टी सारखे काड्यांचे पक्षीथांबे हेक्टरी 20, म्हणजे एकरी 8, पिकापेक्षा फूट-दीड फूट उंच रोवा. तुराट्या, पऱ्हाट्या घरच्याच चालतात, विकत काही आणू नका. पुढच्या वर्षी पेरतानाच चन्यात थोडी ज्वारी टाका, तेच थांबे होतात.

अन् एक कळकळीची विनंती, धुऱ्यावरचं गवत, नाल्याकाठची झुडपं सरसकट पेटवू नका, हे पाखरू झुडपी जंगलात अन् तलावाकाठच्या गवतातच राहणारं आहे, तेच जाळलं तर वावरात येणार कुठून? घाटे भरल्यावर थांब्यांवर पोपट बसायला लागले तर मात्र थांबे लगेच उपटून घ्या, पोपट घाटे खातोच.