संग्राहकांचे प्रश्न : सगळी कार्डं ग्रेडिंगला पाठवू का?

प्रश्न : दादा १९९९ साली अमेरिकेहून पोकेमॉनची कार्डं घेऊन आला होता. परवा माळ्यावरच्या डब्यात ती सापडली, त्यात चारिझार्ड या पोकेमॉनचं कार्डही आहे. कॅम्पातले एक ओळखीचे म्हणतात, सगळी ग्रेडिंगला पाठवा, किंमत कितीतरी पट होईल. पाठवू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : सगळी मुळीच पाठवू नका, ताई. चारिझार्ड मात्र आजच डब्यातून बाहेर काढा. पुण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर पडलेली चमकती कार्डं दमट हवेनं वाकतात, ती पाहून माझा जीव तुटतो.

ग्रेडिंग कंपनी कार्डाची किंमत ठरवत नाही. कार्ड अस्सल आहे का, कुठे कापलंय-रंगवलंय का, हे ती बघते. मग छपाई मधोमध आहे का ते पाहून आणि कोपरे, कडा, पृष्ठभाग तपासून १ ते १० मधला आकडा देते आणि कार्ड सीलबंद प्लॅस्टिकमध्ये घालते. आम्ही त्याला स्लॅब म्हणतो. कार्ड हातात न घेता विकत घेणाऱ्याची धास्ती त्यानं जाते आणि जास्तीचे पैसे तो त्यासाठीच मोजतो.

खरी उडी ९ आणि १० यांच्यात आहे. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचं फ्लीअर कंपनीचं १९८६ चं कार्ड घ्या. पीएसए या अमेरिकी ग्रेडिंग कंपनीनं १० दिलेल्या प्रती तीनशेच्या थोड्या वर, ९ दिलेल्या हजारो. जानेवारी २०२१ मध्ये १० ची प्रत ७ लाख ३८ हजार डॉलरला गेली, ९ ची त्याच्या आसपासही नव्हती. उघड्या डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतील.

आता तुमचं कार्ड. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बसा. खाली उजवीकडे ४/१०२, म्हणजे १०२ कार्डांच्या संचातलं चौथं, असं छापलंय का? चित्राच्या डाव्या कोपऱ्याखाली पहिल्या आवृत्तीचा शिक्का आहे का? चित्राच्या चौकटीला उजवीकडे सावली आहे का? शिक्का असेल किंवा सावली नसेल, तर कार्ड सुरुवातीच्या छपाईचं आणि जास्त मोलाचं. पिवळी किनार दोन्ही बाजूंना पट्टीनं मोजा. मागच्या निळ्या किनारीवर, विशेषतः कोपऱ्यांत, पांढरे ठिपके असतील तर १० विसरा. कार्ड तिरपं धरून चमकत्या भागावरचे चरेही पाहा. पुसू नका, खोडरबर लावू नका.

आकडा म्हणजे शेवटी माणसाचं मतच. पीएसएनं सर्वांत आधी ग्रेड केलेल्या बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या कार्डाला ८ मिळाले होते. त्याच्या कडा आपण कापल्याची कबुली लिलाववाले बिल मास्त्रो यांनी २०१३ मध्ये दिली.

फी, कुरिअर, विमा, परतीचं कस्टम्स हा खर्च प्रत्येक साध्या कार्डावर केलात, तर तो त्या कार्डाच्या किमतीपेक्षा जास्त होईल. चारिझार्ड खेळून झिजलेलं नसेल, तरच तेवढं एक पाठवा. पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढून ठेवा आणि स्लॅब परत आला की त्यावरचा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर ताडून पाहा.